नातीचा वाटा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, केज या तालुक्यांतली गावं बघता बघता रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकवर आणि ट्रॅक्टरवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मार्च-एप्रिलपर्यंत परतणं नाही. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या हिशेबात न बसणारी दोन माणसं गावात मागे राहतात. एक म्हातारी आणि दुसरी शाळेत जाणारी तिची नात.

मुलीला सोबत न्यावं, तर फडावर तिची शाळा सुटते. ती कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, वाढं गोळा करते. घरी ठेवावं, तर वयात येणाऱ्या पोरीला सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न आई-बापाला झोपू देत नाही, आणि त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तिचं लग्न लावून टाकणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं गेलं. अठरा पुरी होण्याआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात शंभरात २२ च्या आसपास निघालं, बीडमध्ये ४३ च्या पुढे.

या दोन्हींतून सुटायची वाट आजीच्या घरातून जाते. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण कित्येक ठिकाणी वसतिगृह म्हणजे शाळेतलं दोन वेळचं जेवण, झोपायला पोरी आजीकडेच. तिला उठवणं, वेणी घालून शाळेत धाडणं, तापाला दवाखान्यात नेणं, संध्याकाळी सातच्या आत घरात आहे ना हे बघणं, गुरुजींनी बोलावलं तर जाऊन अंगठा उठवणं, हे सगळं त्या सहा महिन्यांत साठीच्या पुढची बाई करते. तिच्या गुडघ्यांनी साथ दिली तोवर नातीची शाळा चालते. गुडघे थकले की लग्नाची बोलणी सुरू होतात.

आजी-आजोबा आणि नातवंडं म्हटलं की आपल्याकडे लेखणी लगेच लाडू, गोधडी आणि परीकथांकडे वळते. त्यात खोटं काही नाही, पण नातं टिकतं ते रोजच्या कामावर, आणि हे काम माणसाच्या इतिहासात फार जुनं आहे. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर टांझानियातल्या हाडझा या शिकारी-संग्राहक जमातीचा अभ्यास केला. तिथल्या वृद्ध स्त्रिया कडक जमिनीतून कंद खणून काढण्यात तरुणींना मागे टाकत. सुनेला किंवा लेकीला नवं मूल झालं की आधीच्या, अंगावरचं दूध तुटलेल्या मुलाचं वजन वाढणं आजीने किती कंद आणले यावर ठरे. बाईची पाळी गेल्यावरही ती पुढे इतकी वर्षं का जगते, याचं एक उत्तर अभ्यासकांनी यातून मांडलं. आजीमुळे नातवंडं जगली, आणि म्हणून म्हातारपण टिकलं, असं ते उत्तर. ते सगळ्यांनाच पटलेलं नाही, पण त्याला बाजूला सारूनही कुणाला पुढे जाता आलेलं नाही.

त्याहून बोचरी गोष्ट गांबियातली. तिथल्या खेड्यांत १९५० ते १९७४ या काळात ठेवलेल्या नोंदी तपासून रिबेका सिअर आणि रूथ मेस यांनी २००० साली दाखवून दिलं की आईची आई हयात असलेली लहान मुलं जगण्याची शक्यता अधिक होती. वडिलांच्या आईच्या असण्या-नसण्याने तसा फरक दिसला नाही. गांबियाचा निष्कर्ष उचलून कोल्हापूरला लावता येणार नाही. तरी पहिल्या बाळंतपणाला लेकीला माहेरी आणायची आपली पद्धत कुणी उगाच घालून दिलेली नाही, असं मात्र वाटून जातं.

सगळ्या आजी-आजोबांनी सगळ्या नातींना पदराखाली घेतलं, असंही नाही. सातारा जिल्ह्यात ‘नकुसा’ नावाच्या मुली होत्या. घरात दुसरी-तिसरी मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, पाळणा हलवायला घरातल्या आणि भावकीतल्या बायका. म्हणजे मुलीला ‘नको’ म्हणायलाही सगळा गोतावळा जमत होता. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने समारंभ करून २८० हून अधिक नकुसांची नावं बदलली. नवं नाव मुलींनी स्वतः निवडायचं होतं. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी तोच आकडा ९१३ होता. सोनोग्राफीच्या खोलीत जाणारी असे एकटी सून, पण तिच्या मागे दिवाणखान्यात बसलेलं घर असे. नातं जवळचं असलं म्हणजे ते मुलीच्या बाजूचं असतंच, असं धरून चालता येत नाही.

ते बाजूचं असलं तर काय होतं, हे बघायला पुण्यातलं एक घर पुरेसं आहे. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. १८९९ साली केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय, पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. त्यांची मुलगी शकुंतला हुजूरपागा या मुलींच्या शाळेत शिकत होती. तिथेच सात वर्षांची एक मुलगी बोर्डिंगमध्ये राहायला आली. वडील नोकरीनिमित्त ब्रह्मदेशात, मुलगी पुण्यात. परांजप्यांच्या घरातल्यांचा तिच्यावर जीव जडला आणि तिला त्यांनी आपल्याकडेच ठेवून घेतलं. ती मुलगी म्हणजे इरावती करमरकर, पुढच्या इरावती कर्वे.

रक्ताचं काही नातं नव्हतं. जेवण, पुस्तकं, वादविवाद, शिस्त मात्र घरच्या मुलीला जी, तीच तिला. शकुंतलाबाई केंब्रिजला जाऊन गणित शिकल्या आणि परत येऊन संततिनियमनाच्या कामात पडल्या, ज्या काळात तो शब्द चारचौघांत उच्चारायलाही धाडस लागे. इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, जो आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. लहानपणीच आई-वडिलांपासून शेकडो मैलांवर, परक्या घरात वाढलेल्या बाईने साऱ्या देशाची नाती उकलून दाखवावीत, हा योगायोग मोठा मासलेवाईक आहे.

त्याच घराची तिसरी मुलगी म्हणजे शकुंतलाबाईंची लेक सई परांजपे, जन्म १९३८. वडील रशियन चित्रकार. आई-वडील लवकरच विभक्त झाले आणि सई आई-आजोबांच्या छायेत वाढली. रँग्लर १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर म्हणून गेले, तेव्हा नातीचं बालपण काही वर्षं तिकडे गेलं. आठव्या वर्षी तिचं ‘मुलांचा मेवा’ हे परीकथांचं पुस्तक छापून आलं. आठ वर्षांच्या पोरीच्या गोष्टी छापण्याजोग्या आहेत असं घरातल्या मोठ्यांना वाटावं, हेच त्यातलं खरं विशेष. ‘स्पर्श’, ‘चश्मेबद्दूर’, ‘कथा’ हे सगळं नंतरचं. परांजप्यांचं घर सुखवस्तू होतं, नोकरचाकर होते, हे खरंच. पण सुखवस्तू घरं पुण्यात तेव्हाही कमी नव्हती. मुलींना असं वागवणारी मात्र बोटावर मोजण्याइतकी.

पैसे न लागणारी एक गोष्ट मात्र कुठल्याही घराला जमते. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हुश यांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी केली. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडिलांची भेट कशी झाली, घरात काही मोठं संकट आलं होतं का, अशा धर्तीचे प्रश्न. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती, त्यांचा आत्मविश्वास जास्त आढळला. आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे, असं त्यांना अधिक वाटे. उत्तरं पाठ करून घेऊन हा लाभ होत नाही. ती जेवताना, प्रवासात, पुन्हा पुन्हा ऐकता ऐकता अंगात मुरलेली असावी लागतात. आणि नुसत्या यशाच्या गोष्टी कमी उपयोगी पडतात. दुकान बुडालं, मग पुन्हा उभं केलं, ही जात जास्त बळ देते.

मराठी घरात हेच प्रश्न एखाद्या दहा वर्षांच्या मुलीला विचारून पाहावेत. पणजोबांचं नाव, गाव, नोकरी, कुणाशी भांडले, सगळं येईल. पणजीचं माहेरचं नाव विचारलं की घरातले मोठेही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. जुन्या कुलवृत्तान्तांत मुलीची नोंद बहुधा ‘कुठे दिली’ एवढ्यावर संपते. मुलीला जर घराण्याच्या गोष्टीत फक्त पुरुष भेटत असतील, तर ती गोष्ट तिला आपली का वाटावी? राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव सक्तीचं केलं. कागदावर एक पिढी त्यामुळे वाचली. मागच्या पिढ्यांच्या बायका मात्र आजीच्या तोंडून आल्या तरच येतील.

आजीला त्यासाठी वेगळा वर्ग घ्यावा लागत नाही. आश्विनात भोंडला किंवा हादगा, विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, खानदेशात गुलाबाई. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. गाण्यांत सासू, सासरा, दीर, जाऊ, माहेरचा मुऱ्हाळी, सगळे हजर. आता सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये स्पीकर लावून भोंडला होतो. होऊ दे. पण स्पीकरला मध्येच थांबवून “आजी, तुला खरंच सासूने माहेरी जाऊ दिलं नव्हतं?” असं विचारता येत नाही, आणि खरी मौज त्या प्रश्नानंतर सुरू होते.

कधी कधी देणं-घेणं उलटंही होतं. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ती कल्पना. साठ ते नव्वद वयाच्या बायका गुलाबी लुगडं नेसून, दप्तर-पाटी घेऊन दुपारी वर्गात येऊ लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून. घरी अभ्यास घ्यायला नातवंडं. आजीचा हात धरून ‘अ’ गिरवून घेणाऱ्या नातीला शाळेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही, आणि नात शाळेतून काढायची बोलणी निघाली तर त्या घरात एक मत आता पक्कं विरोधात आहे.

परदेशातल्या मराठी घरांत हे सगळं व्हिसाच्या मुदतीत बसवावं लागतं. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने; म्हणून एक सत्र आईकडच्या आजी-आजोबांचं, दुसरं वडिलांकडच्यांचं. कॅनडाच्या सुपर व्हिसावर २०२२ पासून एका भेटीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. गंमत अशी की या घरांतल्या नाती कधी कधी दोन्हीकडच्या आजींना सारख्याच ओळखतात. इथे मुंबई-पुण्यात दोन्हीकडच्या आजी-आजोबांची घरं तासाभराच्या अंतरावर असूनही सणावाराचा क्रम ठरलेला. दिवाळी वडिलांकडे, आणि आजोळ मे महिन्यात, क्लास नसतील तर.

शेवटी मायेचा हिशेब जमिनीपाशी येतो, आणि तिथे बहुतेक घरांची जीभ अडखळते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू कुटुंबांतल्या अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये तो देशभर आणि सगळ्या मुलींना दिला. हा हक्क जन्मानेच मिळतो आणि २००५ साली वडील हयात होते की नव्हते याने त्यात फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. म्हणजे आजोबांच्या वडिलोपार्जित शेतात मुलाच्या मुलीचा वाटा तिच्या जन्मापासून. तरीही तिच्या आत्याने साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही केलेली असते, आणि नात ते बघत मोठी होते. उलट बाजूने २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आजी-आजोबांच्या निर्वाहाची जबाबदारी ज्यांच्यावर टाकली आहे, त्यांत सज्ञान नातीचा स्पष्ट उल्लेख आहे. सांभाळायला नात चालते. सातबाऱ्यावर नाव लावताना भावकी आठवते.

ज्या आजोबांना हे बदलायचं आहे, त्यांना कुणाच्या परवानगीची गरज नाही. स्वकष्टाच्या मिळकतीचं मृत्युपत्र साध्या कागदावर करता येतं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. आपली सही आणि दोन साक्षीदार पुरतात. त्यात लेकीचं आणि नातीचं नाव घालावं, आणि घरात सगळ्यांसमोर वाचूनही दाखवावं.