मोटरहोम आणि डांगचा घाट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. सापुताऱ्याचा घाट यांतल्या अनेकांना नवा नाही. वणीच्या सप्तशृंगी गडावर जाताना तो वाटेतच लागतो. अलीकडे भाड्याने मोटरहोम घेऊन चार-सहा दिवस निवांत डोंगरात फिरावं, असं वाटणारी कुटुंबं दिसू लागली आहेत. हौस चांगलीच आहे. अडचण अशी की रस्त्याबद्दल मिळणारे सल्ले बहुतेक कार किंवा मोटरसायकल चालवणाऱ्यांचे असतात. आपल्याकडची बरीच मोटरहोम टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली असतात. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, फ्रिज, सामान आणि माणसं धरली की अशी गाडी साडेतीन-चार टनांच्या घरात जाते. तिला कारचा सल्ला लागू पडत नाही, आणि काही सल्ले तर जिवावर बेततील असे आहेत.

«खरा डोंगरी रस्ता म्हणजे हिमालय»

सुरत ते मनाली हे अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त आहे. मोटरहोमला ताशी 50 ते 60 ची सरासरी मिळाली तरी जाण्या-येण्यातच आठवडा जातो. बरं, डोंगराचं सुख उंचीवर मोजायचं असतं असं कोणी ठरवलं? सुरतेहून साधारण 160 ते 170 किलोमीटरवर सह्याद्रीचं उत्तर टोक सुरू होतं. सापुतारा हजार मीटरच्या आसपास आहे. डांग जिल्ह्यात साग-बांबूचं जंगल आहे, पूर्णा आणि अंबिका या नद्या आहेत, वघईजवळचा गिरा धबधबा आहे. खालच्या अंगाला 1979 मध्ये जाहीर झालेलं वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे. दिवसाला 60-70 किलोमीटर चालायचं आणि उरलेला वेळ झाडाखाली घालवायचा, ही मोटरहोमची खरी चाल. तिला डांगएवढा मुलूख पुरून उरतो.

«चढ जमला की झालं, उतार काय, गाडी आपोआप उतरते»

सगळ्यात घातक समज हाच, म्हणून इथे जरा थांबू.

चढताना फार तर इंजिन तापेल, गाडी कुरकुरेल, वाटेत उभी राहील. उतरताना गाडीच्या वजनात साठलेली सगळी ऊर्जा कुठेतरी जावी लागते. चार टनांची गाडी 700 मीटर खाली आली, तर हिशेबाने साडेसात युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा मोकळी होते. दोन किलोवॅटचा गिझर पावणेचार तास चालवण्याइतकी ही उष्णता आहे. त्यातली थोडी हवेचा रोध खाऊन टाकतो. उरलेली एकतर इंजिन अडवून धरतं, नाहीतर ब्रेकच्या पट्ट्या आणि डिस्क पितात. पाय सतत ब्रेकवर ठेवला की पट्ट्या तापतात आणि त्यांची पकड सुटते. जळका वास येतो तो याच वेळी. दुसरा धोका ब्रेक ऑइलचा. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 3 प्रकारच्या नव्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू 205 अंश सेल्सियस असतो, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तोच 140 अंश धरला जातो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि पेडल दाबलं तरी पाय पोकळीत गेल्यासारखा खाली जातो. «ब्रेक फेल झाला» म्हणून बातमीत येतं, त्यात पुष्कळदा हेच घडलेलं असतं.

उपाय जुन्या ट्रक ड्रायव्हरांना पाठ आहे: ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. चढ दुसऱ्या गिअरचा असेल, तर उतारही दुसऱ्याचाच. उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्या, कारण वेग वाढल्यावर तो पडेलच याची खात्री नसते. ब्रेक दाबून वेग कमी करा आणि पाय काढून घ्या. वेग पुन्हा वाढला की पुन्हा दाबा. नुसता पाय टेकवून ठेवणं म्हणजे पट्ट्या भाजत ठेवणं. भाड्याने गाडी घेत असाल, तर ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे गादी-उशा बघायच्या आधी विचारा.

याच्याच जोडीला «उताराला न्यूट्रल केली की डिझेल वाचतं» हा समज आहे. आजच्या इंजेक्शनच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंधनाचा पुरवठा जवळपास बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायला डिझेल जळतच राहतं. म्हणजे बचत होते ती गिअरमध्ये. इंजिन बंद करून उतरणं तर याहून वाईट. ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं आणि किल्ली मागे फिरली तर ते लॉकही होऊ शकतं.

«रात्री रस्ता मोकळा असतो, रात्रीच निघावं»

दुकान वाढवून, जेवून दहा-अकराला निघायचं आणि पहाटे डोंगरात पोचायचं, ही सुरतेची नेहमीची पद्धत. सपाट महामार्गावर एकवेळ ठीक, घाटात नको. 2 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे सापुताऱ्याजवळच्या घाटात यात्रेकरूंची खासगी बस दरीत कोसळली आणि किमान पाच जणांचा जीव गेला. त्याआधी जुलै 2024 मध्ये सुरतेच्या पर्यटकांची बस याच भागात दरीत गेली आणि दोन मुलं दगावली. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असतं. तरी पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाची झोप सर्वांत अनावर असते आणि पावसाळ्यात या घाटात धुकं दाट उतरतं, या दोन गोष्टी पक्क्या आहेत. मोटरहोममध्ये झोपायची सोय बरोबरच असते. मग रात्री घाट चढायचं कारण उरतच नाही. पायथ्याशी झोपा, उजाडल्यावर चढा.

«पावसाळ्यातच डांग बघावं»

श्रावणात डांग हिरवागार असतो आणि गिरा धबधबा भरात असतो, हे खरंच. पण मोठ्या गाडीला समोरून वाट देताना एक चाक साइडपट्टीवर उतरवावं लागतं. भिजलेल्या मातीत चार टनांची गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलावण्यावाचून गत्यंतर नसतं. दरीकडची पट्टी खचली तर तेवढ्यावरही भागत नाही. उन्हाळ्यात धबधबे आटतात आणि सागाची पानं झडलेली असतात. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ माझ्या मते सर्वांत चांगला: पाणी असतं, रान हिरवं असतं, जमीन घट्ट झालेली असते. एकच अडचण दिवाळीची. सुरतेचा हिरे आणि कापड बाजार बंद झाला की अर्धं शहर रस्त्यावर येतं आणि सापुताऱ्यात गाडी वळवायला जागा उरत नाही. कोजागरी आणि चंदी पाडव्याची घारी खाऊन, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात निघणं उत्तम.

«मॅपवर जो रस्ता जवळचा, तोच घ्यावा»

मोबाइलमधल्या नकाशाला तुमची गाडी किती लांब आणि किती उंच आहे, हे ठाऊक नसतं. तो कारच्या हिशेबाने मिनिटं सांगतो आणि वाचवलेल्या दहा मिनिटांसाठी गावातल्या एकपदरी रस्त्यावर घालतो. रस्ता निवडताना मिनिटांपेक्षा वळणं बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार घाटातल्या यू वळणाची आतली त्रिज्या किमान 14 मीटर हवी आणि वळणावर चढ चाळीसास एकपेक्षा जास्त नको. राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गाच्या एकपदरी घाटातही वळणाच्या माथ्यावर 9 मीटर रुंदी अपेक्षित आहे, तर खेड्याच्या रस्त्याला साडेसहा मीटर पुरेशी मानली आहे. गाडी जितकी लांब, तितकी तिची मागची चाकं वळणावर आतून कापत जातात. हा अडीच मीटरचा फरक तिथे भोवतो. म्हणून मोठी गाडी मोठ्याच रस्त्याने न्यावी. छपरावर एसी असेल तर जमिनीपासून त्याच्या माथ्यापर्यंतची उंची टेपने मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा. जंगलातल्या रस्त्यावर फांद्या खाली आलेल्या असतात.

प्रत्यक्ष रस्त्यांचं म्हणाल, तर सुरतेहून दोन चांगल्या वाटा आहेत: एक चिखली, वांसदा, वघईवरून आणि दुसरी बारडोली, व्यारा, आहव्यावरून. दोन्ही शामगहानला एकत्र येतात आणि पुढे माळेगामचा चढ लागतो. सापुताऱ्याच्या पलीकडे लगेच महाराष्ट्र सुरू होतो. हातगड, बोरगाव, वणी, दिंडोरी हा नाशिककडचा रस्ता पठारावरून जातो. चढ-उतार आहेत, पण घाटासारखे अंगावर येणारे नाहीत. मोटरहोमसाठी हा पट्टा फार सुखाचा आहे. नाशिकहून परत येताना «वेगळा रस्ता बघू» म्हणून पेठ-कपराडा मार्ग घेणारे असतात. तिथले कोटंबी घाट आणि कुंभघाट अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहेत. पहिल्यांदाच मोटरहोम चालवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. शहाद्याहून तोरणमाळला जाणारा सातपायरी घाटही असाच. तोरणमाळ बघावंच, पण मोटरहोम शहाद्याला ठेवून जीपने.

«गाडी म्हणजे आपलं घर, कुठेही उभी करा»

डांगच्या उत्तर भागात पूर्णा अभयारण्य आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय जाणं आणि मुक्काम करणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. तिथे जाळ करणं तर नाहीच. वनविभागाचे महाल आणि किलाद इथे निसर्ग-मुक्काम आहेत. मोटरहोम आत लावता येईल का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्या. आणि भांड्यांचं, संडासाचं पाणी नदीकाठी सोडू नका. अंबिका आणि पूर्णेच्या काठावर गावं आहेत आणि गुरं त्याच पाण्यावर जगतात. नाशिककडून येताना वाइनच्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्यासारख्या आणता येतील, असंही काहींना वाटतं. गुजरातेत दारूबंदी आहे आणि सीमा ओलांडली की मोटरहोमच्या फ्रिजलाही ती लागू होते.

«एसी लावून झोपायचं तर जनरेटर चालू ठेवावा»

डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. खिडक्या बंद करून गॅसवर स्वयंपाक करणं किंवा इंजिन चालू ठेवून झोपणं यातही हाच धोका आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म विकत मिळतो, तो बसवलेला नसेल तर गाडी घेऊ नका. ऑक्टोबरनंतर सापुताऱ्याच्या रात्री थंड असतात, एसीची गरजही पडत नाही.

परवाना आणि कागदपत्रं

मोटरहोमला «हेवी» परवाना लागतो हा समज सर्रास आहे. साडेसात टनांपर्यंतचं वाहन कायद्याने हलक्या वाहनांत मोडतं, त्यामुळे ट्रॅव्हलरवर बांधलेल्या मोटरहोमला कारचा परवाना चालतो. भाड्याची गाडी प्रवासी वाहन असली तरी चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलं आहे. सवय नसेल तर अनुभवी ड्रायव्हर घ्यावा, हे वेगळं. भाड्याची गाडी राज्याबाहेर नेताना तिचा परमिट महाराष्ट्रात चालतो का, ते पाहा. आणि जुनी व्हॅन गॅरेजमध्ये नेऊन पलंग-ओटा बसवला की मोटरहोम झालं, असं नाही. मूळ रचनेत असा बदल परिवहन विभागाच्या मंजुरीशिवाय केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण होते. चालत्या गाडीत पलंगावर लोळणं किंवा चहा टाकणंही नको. सगळ्यांनी सीटवर, पट्टा लावून बसावं.

पहिलीच सहल असेल तर माझा सल्ला असा. पहिल्या दिवशी सुरत, चिखली, वांसदा करत वघईपर्यंत या आणि किलादला राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या पुढे घाट चढा. दोन दिवस सापुतारा-हातगड परिसरात काढा, हवं तर वणीला जाऊन या. सप्तशृंगी गडाचा नांदुरीकडचा घाट मात्र एसटीने करा. परतताना सकाळीच उतरायला सुरुवात करा, मागून घाई करणाऱ्यांना जागा मिळेल तिथे पुढे जाऊ द्या, चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, आणि शामगहान येईपर्यंत खालचा गिअर सोडू नका.