आरशातला पहिलवान

गेल्या मे महिन्यात नात सुट्टीसाठी आमच्याकडे आली होती. ती पुण्याला असते, नववीत गेली आहे. संध्याकाळचा क्लास सुटून घरी पोहोचायला तिला साडेआठ होतात. वाटेत एक अंधारा बोळ लागतो. तिथे दोनदा कोणीतरी मागे मागे आल्याचे तिने आईला सांगितले. पोरीने स्वसंरक्षण शिकले पाहिजे, असे घरात ठरले. पण शिकायला कुठे जायचे, कधी जायचे, यातच गाडे अडले आणि पोर मोबाइलवरचे धडे बघून एकटीच शिकू लागली.

एके सकाळी मी पाहतो, तर कपाटाच्या आरशासमोर ती हवेत ठोसे मारीत होती. मला बघून थांबली.

‘‘आजोबा, असं एकटीनं शिकता येतं का हो?’’

मला हसू आले. सोळाव्या वर्षी हाच प्रश्न मी कोणालाही न विचारता स्वतःच सोडवून टाकला होता, आणि त्याचे उत्तर मला पाठीवर मिळाले होते!

आमचे गाव कोल्हापूरकडचे. ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ निघाला १९७३ साली. आमच्या टॉकीजपर्यंत यायला त्याला आणखी काही वर्षे लागली. तो पाहिला आणि मी भारून गेलो. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून ज्यूदो-कराटेचे एक पातळसे पुस्तक आणले. माळ्यावर भुशाने भरलेले पोते टांगले आणि सहा महिने पुस्तकातल्या आकृत्या बघून घाम गाळला. पोते दर वेळी मुकाट्याने मार खाई. मी अजिंक्य आहे, याबद्दल माझी खात्रीच पटली.

मग एका मित्राने मला तालमीत नेले. वस्तादांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि तेरा-चौदा वर्षांच्या एका पोराला खूण केली. सलामी झाली. मी मनातल्या मनात आकृती क्रमांक सात जुळवतो आहे, तोवर त्याने पट काढला आणि मी तालमीचे आढे मोजू लागलो. पुन्हा उठलो, पुन्हा पडलो. तिसऱ्या खेपेला वस्ताद म्हणाले, ‘‘पोरा, पोतं कधी उलटा डाव टाकतं का रं?’’

त्या एका वाक्यात सारे आले.

आता, एकट्याने काहीच होत नाही असे नाही. जोर, बैठका, दमसास, अंगाची लवचीकता ही सारी मेहनत ज्याची त्यानेच करायची असते. आपल्याकडे तर त्यासाठी लाकडाचा गडीच उभा केला आहे. मल्लखांब म्हणजे मल्लांच्या सरावाचा खांब. पेशवाईच्या अखेरच्या काळात दुसऱ्या बाजीरावांचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांनी तो नावारूपाला आणला. अढी मारा, मिठी घाला, उलटे लटका; खांब कधी नाही म्हणत नाही. खुद्द ब्रूस लीसुद्धा लाकडी पुतळ्यावर सराव करीत असे. पण त्याआधी हाँगकाँगमध्ये इप मान यांच्यासारखा गुरू त्याला लाभला होता, हे माझ्या त्या पातळ पुस्तकात कुठेच नव्हते!

खांब फसवत नाही, घाबरवत नाही, हीच त्याची उणीव. माणसाने मनगट धरले की त्याचा जोर क्षणाक्षणाला बदलतो, दिशा बदलते. ते डोळ्यांनी नव्हे, कातडीने ओळखायचे असते. शिवाय छाती धडधडते, हात थरथरतात आणि पाठ केलेले ऐन वेळी आठवत नाही. ही भीती सोसायची सवय समोर माणूस असल्याखेरीज लागत नाही. आणि हनुवटी वर राहिली, कोपर बाहेर गेले, हे आरसा दाखवतो, पण ते चूक आहे हे सांगत नाही. मग चूकच घोटून पक्की होते.

कोणी म्हणेल, एकलव्याचे काय? पण एकलव्याची विद्या धनुर्विद्या. लक्ष्य उलटून बाण मारीत नाही. आणि त्यालाही मातीचा का होईना, गुरू समोर लागलाच ना!

ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांची गोष्ट मला फार आवडते. तरुणपणी जुजुत्सू शिकताना एका थोराड सहाध्यायापुढे त्यांचे काही चालेना. त्यांनी ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके धुंडाळली, गड्याला खांद्यावर उचलून टाकण्याचा डाव हुडकला आणि त्याला पाडले. डाव पुस्तकाने दिला, हे खरे. पण तो खरा ठरला जिवंत माणसाला उचलल्यावरच. १८८२ साली त्यांनी कोदोकान ही संस्था काढली, तेव्हा ठरावीक पवित्र्यांबरोबर मोकळ्या लढतीलाही मोठे स्थान दिले. तालमीत अशा सरावाच्या सोबत्याला ‘जोड’ म्हणतात. किती नेमका शब्द आहे! तो शत्रू नसतो. तो आपल्याला पाडतो, आपल्याकडून पडूनही घेतो.

त्या संध्याकाळी अंगणात मी नातीचे मनगट धरले. अंगठा आणि बोटे जुळतात त्या फटीतून हात काढायचा, हे तिला तोंडपाठ होते. तिने हिसका दिला. हात सुटला नाही. तिच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. सदुसष्ट वर्षांच्या आजोबाच्या हातातून सुटता येत नाही, हे तिला एकदम कळले असावे. क्षणभर मलाही कसेसेच झाले. ‘‘अहो, सोडा पोरीला!’’ आतून ही ओरडली. पण नात म्हणाली, ‘‘नको आजी. आजोबा, पुन्हा धरा.’’ चौथ्या खेपेला तिने कोपर पुढे घातले, अंग वळवले आणि हात निसटला.

रात्री मी लेकीला फोन केला. म्हटले, क्लासची वेळ बदल, पण पोरीला शिकवणारी बाई आणि बरोबरीच्या मुली मिळवून दे. आणि हेही सांगितले, की पळणे आणि ओरडणे हाच पहिला डाव, यात कमीपणा नाही. बोळात दिवा लागावा म्हणून जावयांनी अर्ज दिला आहे. अंधाराशी झुंजण्याचा भार एकट्या पोरीने का वाहायचा?

आता ती आठवड्यातून दोनदा ज्यूदोला जाते. परवाच तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

‘‘आजोबा, आज मी अकरा वेळा पडले!’’