वाटणी की पाळी? नेटवर्कवरची यूएसबी उपकरणे

मित्रहो, आजचा विषय तांत्रिक आहे, पण त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट 'वाटून घेणे' म्हणजे नेमके काय? भाकरी वाटली की तिचे तुकडे होतात. गाणे दहा जणांनी ऐकले तरी कोणाचा वाटा कमी होत नाही. आणि कालव्याचे पाणी? ते पाळीने मिळते. एकाची पाळी चालू असेल तर दुसऱ्याने थांबायचे. यूएसबी उपकरणाची वाटणी या तिसऱ्या प्रकारातली आहे.

का, ते बघू. १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली. तिच्या रचनेत यजमान एकच असतो, तो म्हणजे संगणक. उपकरण आपणहून बोलत नाही. माऊस हलला का, हेसुद्धा संगणकच त्याला सारखे विचारत असतो. एका उपकरणाला एकाच वेळी दोन यजमान, ही कल्पनाच तिथे नाही. शिवाय यूएसबी २.० ची एक तार जास्तीत जास्त ५ मीटरची.

यावर जपानमधल्या नारा इथल्या संशोधकांनी उपाय काढला. ताकाहिरो हिरोफुची आणि सहकाऱ्यांचा 'यूएसबी/आयपी'वरचा निबंध २००५ सालचा. ही सोय पुढे लिनक्सच्या गाभ्यातच आली. युक्ती अशी: दूरच्या संगणकात एक आभासी यूएसबी यंत्रणा उभी करायची. ती विचारील तो प्रश्न नेटवर्कच्या पाकिटात घालून उपकरणापर्यंत पाठवायचा, उत्तर तसेच परत आणायचे. दूरच्या संगणकाला वाटते, उपकरण आपल्यालाच जोडले आहे.

मात्र पाळी सुटत नाही. उपकरण एकाकडे गेले की ते प्रत्यक्ष ज्या संगणकाला लावले आहे, त्यालाही वापरता येत नाही. नेटवर्कवर उशीर झाला तर कॅमेरा आणि आवाजाची उपकरणे अडखळतात. प्रिंटरसाठी तर हा खटाटोप नकोच. तिथे आपण यंत्र वाटत नाही, काम वाटतो. सगळ्यांची कामे एका रांगेत लागतात आणि प्रिंट सर्व्हर ती एकेक करून छापतो.

आता खरा अवघड भाग. डिजिटल सहीचे टोकनही यूएसबीच असते. समजा, एका ऑफिसने साहेबांचे टोकन नेटवर्कवर ठेवले आणि पिन चार जणांना सांगितला. सोय झाली, पण सही कोणाची झाली? टोकन लावलेले होते आणि पिन बरोबर होता, एवढेच ती सही सिद्ध करते. बोट कोणाचे होते, ते नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी किल्लीवर ताबा ठेवण्याची वाजवी काळजी सहीच्या मालकानेच घ्यायची असते. आणि यूएसबी/आयपी स्वतःहून काही कूटबद्ध करत नाही, म्हणजे व्हीपीएनसारखी भिंत आपणच बांधायची.

तेव्हा काहीही नेटवर्कवर ठेवण्याआधी आपण स्वतःला विचारू या: आपण काय वाटतो आहोत? काम असेल तर रांग लावू. वस्तू असेल तर पाळी ठरवू. पण जबाबदारी असेल, तर ती वाटायची नाही. टोकन ज्याचे, त्याच्याच हातात राहू द्यावे, मग दोन जिने चढावे लागले तरी चालेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.