शिखरापासून उलटा हिशेब

लेहच्या बाजारातून उत्तरेकडे निघणारा यारकंदचा जुना कारवानमार्ग नुब्रेच्या खोऱ्यात उतरतो, तेथून सासेर खिंडीची चढण चढून श्योक नदीच्या पात्राला भिडतो आणि पुढे मजल-दरमजल करीत काराकोरम खिंडीपर्यंत जातो. या वाटेने रेशीम, नमदे नि चरस यांची ने-आण करणाऱ्या व्यापाऱ्यांना वाट चुकण्याची भीती फारशी नसे, कारण थंडीने, थकव्याने आणि चाऱ्यावाचून कोसळलेल्या घोड्यांच्या हाडांच्या राशी खिंडीच्या दोन्ही अंगांना पांथस्थाला दिशा दाखवीत पडलेल्या असत. रसदीचा हिशेब चुकला म्हणजे काय होते, हे त्या हाडांइतक्या स्पष्टपणे कोणत्याही ग्रंथाने सांगितले नसेल.

या मार्गाच्या दक्षिणेस, नुब्रा आणि श्योक या दोन नद्यांच्या बेचक्यात, सासेर कांगरीचा पर्वतसमूह उभा आहे. त्यातील सर्वोच्च शिखर १९७३ साली भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या पथकाने सर केले. परंतु त्याच्या शेजारच्या सासेर कांगरी २ या ७,५१८ मीटर उंचीच्या शिखराचे भाग्य निराळे होते. १९८५ साली एका भारतीय-जपानी पथकाने त्याचा पश्चिमेकडील माथा गाठला, पण पूर्वेकडील खरा माथा त्यानंतरही पाव शतकाहून अधिक काळ अस्पर्श राहिला, आणि भूतानमध्ये आरोहणास बंदी असलेले गांगखर पुएन्सुम वगळता जगातील सर्वांत उंच अजिंक्य शिखर म्हणून त्याचे नाव घेतले जाऊ लागले. २४ ऑगस्ट २०११ रोजी मार्क रिची, स्टीव्ह स्वेन्सन आणि फ्रेडी विल्किन्सन हे तीन अमेरिकन गिर्यारोहक नैर्ऋत्येकडील सुमारे १,७०० मीटर उंचीच्या बर्फाळ भिंतीवरून तेथे पोहोचले. भिंतीवर त्यांचे मोजके दिवस गेले. तयारीत मात्र वर्षे गेली होती. दुर्गम पर्वतावरची मोहीम कशी आखतात हे समजून घ्यायला मला याहून चांगले उदाहरण दिसत नाही.

सामान्य वाचकाची समजूत अशी असते की मोहिमेची आखणी घरापासून शिखराकडे होते: आधी पैसा, मग परवाना, मग प्रवास, तळछावणी आणि अखेरीस चढाई. अनुभवी माणसे हा क्रम उलटा लावतात. ती प्रथम मनाने शिखरावर जाऊन उभी राहतात, आणि 'येथून खाली कसे उतरायचे?' हा पहिला प्रश्न स्वतःला विचारतात. जेथे केवळ पायांनी भागत नाही, दोन्ही हातांत बर्फकुऱ्हाडी आणि बुटांना लोखंडी दाते बांधून, दोराच्या भरवशावर ताठ बर्फ चढावे लागते, अशा भिंतीवरून उतरणे म्हणजे दोर अडकवून, त्यावरून सरकत, टप्प्याटप्प्याने खाली येणे. दोर साठ मीटरचा, भिंत सतराशे मीटरची. म्हणजे ही क्रिया जवळजवळ तीस वेळा करावी लागणार, आणि प्रत्येक वेळी दोर ज्यावर लटकवायचा ती वस्तू मागे सोडून यावी लागणार. तीस ठिकाणी पोलादी खिळे सोडायचे तर तेवढ्यांचेच ओझे पाठीवर होते. म्हणून बर्फात स्क्रूने दोन तिरपी भोके अशी पाडतात की ती आत एकमेकांना मिळावीत, त्यांतून हात-दीड हात लांबीची दोरी ओवून तिची गाठ मारतात, आणि त्या गाठीवर माणसाचा सगळा भार टाकतात. अशा रीतीने शिखरावरून परत येण्याचा खर्च काही मीटर दोरी एवढ्यावर येतो. पण ती दोरी मोजून, कापून, पिशवीत घातलेली असावी लागते, आणि ते काम तळाशी करायचे असते.

दुसरा प्रश्न, रात्री झोपायचे कोठे? याच भिंतीवर २००९ साली रिची आणि स्वेन्सन आणखी दोन सोबत्यांसह येऊन गेले होते आणि हात हलवीत परतले होते, कारण तंबू ठोकण्याइतकी सपाट जागा त्या उतारावर कोठेच नव्हती. बर्फ खोदून ओटा करू म्हटले तर वीतभर खोदताच खाली कठीण बर्फ लागतो, आणि खोदलेला चुरा उतारावरून घरंगळून जातो. अशा जागी अर्धवट बसून काढलेली एक रात्र माणसाची दुसऱ्या दिवसाची शक्ती हिरावून घेते. दुसऱ्या खेपेस त्यांनी कापडाची एक झोळी बरोबर नेली: ती उतारावर आडवी बांधायची, वर खोदलेला चुरा तिच्यात साठू द्यायचा, तो दाबून घट्ट करायचा, आणि अशा तऱ्हेने जेथे जागाच नाही तेथे जागा निर्माण करायची. आमच्याकडे डोंगरउतारावर दगडांची ताल घालून, मागे माती साठवून शेत करतात, त्याच जातीची ही युक्ती. वजन थोडे, शिवण साधी. पण माझ्या मते २००९ ची माघार आणि २०११ चे यश यांमधले अंतर जितके त्या झोळीने कापले तितके दुसऱ्या कशानेही कापले नसेल. हरलेल्या मोहिमेने काय शिकवले याची नोंद ज्यांनी नीट ठेवली, त्यांनाच अशी झोळी सुचते.

मग पाणी. सात हजार मीटर उंचीवर चोहोकडे पाणीच पाणी असते आणि पिण्यास थेंब नसतो. सर्व काही वितळवून घ्यावे लागते. शून्य अंशावरच्या एक किलो बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करायला जितकी उष्णता लागते, तितक्याच उष्णतेत ते पाणी पुढे ऐंशी अंशांपर्यंत तापते. आणि हवेचा दाब घटल्यामुळे सहा हजार मीटरच्या आसपास पाणी सुमारे ऐंशी अंशांनाच उकळते. म्हणजे चुलीतील निम्मा वायू पाणी तापवण्यापूर्वीच, नुसते बर्फ वितळवण्यात खर्ची पडतो. विरळ आणि कोरड्या हवेत श्वासावाटे शरीरातील ओलावा झपाट्याने जातो, म्हणून माणशी रोज तीन-चार लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे. तिघांसाठी दिवसाला दहा-एक लिटर धरले, तर रोजचा वायू तीनशे ग्रॅमच्या घरात जातो. पाच दिवसांची चढ-उतर आणि वादळात अडकून पडण्यासाठी दोन दिवसांची शिल्लक, असा सात दिवसांचा हिशेब केला की दोन किलोंहून अधिक वायू, शिवाय त्याच्या डब्यांचे वजन. शिधा एक दिवस कमी पडला तरी माणूस रेटून नेतो. वायू संपला की पाणी संपते, आणि पाणी संपले की मोहीम संपते. अन्नही असे निवडावे लागते की जे केवळ गरम पाणी ओतून खाता येईल. तळछावणीवर, पाच हजार मीटरपाशी, तूरडाळ उघड्या पातेल्यात तासन्‌तास ठेवली तरी ती दाताखाली कचकचते. प्रेशर कुकर हे तेथे चैनीचे साधन नसून अन्न शिजवण्याचा एकमेव उपाय होय.

सर्व सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन, मागे पुरवठ्याची साखळी न ठेवता, एका दमात चढण्याच्या या पद्धतीत पाठपिशवी हेच घर, हेच कोठार. १९८५ साली याच पूर्व काराकोरममध्ये मुंबईच्या हरीश कापडिया यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या भारतीय-ब्रिटिश मोहिमेत, रिमो १ शिखराच्या माथ्याजवळ पोहोचलेल्या स्टीफन व्हेनेबल्स यांची पाठपिशवी निसटून दरीत गेली, आणि तेवढ्या एका गोष्टीने त्यांना व त्यांच्या सोबत्याला मागे फिरावे लागले. (त्याच मोहिमेतील दोघांनी रिमो ३ मात्र सर केले.) १९५३ साली जॉन हंट यांच्या एव्हरेस्ट मोहिमेने साडेतीनशेहून अधिक भारवाहक लावले होते, तिकडे १९३४ साली शिप्टन आणि टिल्मन केवळ तीन शेर्पांसह नंदादेवीच्या कोंदणात जाऊन आले. कोणती रीत श्रेष्ठ, हा वाद जुना आहे. माझा कल दुसरीकडे आहे, पण हेही सांगितले पाहिजे की थोडक्या सामानाच्या मोहिमेला हिशेब अधिक काटेकोर लागतो, कारण चूक झाकायला तिच्याजवळ फाजील काही नसते.

भिंतीखाली उतरलो की शरीराचा हिशेब सुरू होतो. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. सासेर कांगरीच्या माथ्यावर तो दोन पंचमांशाच्या आसपास उरतो. रक्ताला आणि श्वासाला याची सवय लागायला आठवडे लागतात, आणि त्यात घाई केली तर डोकेदुखीपासून फुप्फुसात पाणी साठण्यापर्यंत आणि मेंदूला सूज येण्यापर्यंत अनर्थ ओढवतात. या विकारांचे फार मोलाचे अध्ययन भारतीय लष्कराच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात, सपाटीवरून एकदम हिमालयाच्या सरहद्दीवर पाठवलेल्या जवानांना तपासून केले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. हे विकार टाळण्याचा रूढ दंडक साधा आहे: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. म्हणून विमानाने लेहला, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर, उतरलेल्या पथकाचे पहिले दोन-तीन दिवस काहीही न करण्यासाठी राखून ठेवावे लागतात. तरुणांना हे सर्वांत अवघड जाते.

तळछावणीपर्यंतची वाट घोडेवाल्यांच्या आणि नद्यांच्या मर्जीची. उन्हाने हिमनद्या वितळू लागल्या की दुपारनंतर प्रवाह फुगतात. सकाळी गुडघाभर असलेले पाणी तिसऱ्या प्रहरी घोडा लोटून देते, म्हणून नदी पार करण्याची वेळ पहाटेची धरतात आणि त्यावरून मुक्काम ठरवतात. गॅसचे डबे प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत. ते ट्रकने, रस्त्याने, पथकाच्या आधी लेहला पोहोचवण्याची तजवीज करावी लागते.

सर्वांत शेवटी, म्हणजे कालक्रमाने सर्वांत आधी, दिल्लीचे दफ्तर. इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनकडे अर्ज, संरक्षण आणि गृह खात्यांची मंजुरी, संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक, सरहद्दीलगतच्या मुलखात जाण्याचा परवाना, उपग्रह दूरध्वनीची स्वतंत्र परवानगी, परदेशी पथक असल्यास भारतीय सहकारी बरोबर घेण्याची अट: या कागदांना कंटाळून अनेकजण दुसरीकडे वळतात. सियाचेनच्या शेजारच्या प्रदेशात सरकारने सावध असणे स्वाभाविक आहे, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने हाती ठेवणे हाही आखणीचाच भाग आहे. त्या कागदांत हेलिकॉप्टरच्या खर्चाचे हमीपत्रही असते. स्वेन्सन यांना चढाईतच श्वसनमार्गाचा विकार जडला होता. शिखरावरून उतरून आल्यावर त्यांचा श्वास कोंडू लागला, आणि त्यांना हेलिकॉप्टरने लेहच्या रुग्णालयात हलवावे लागले. ते वाचले.

सह्याद्रीच्या कड्यांवर दोराचे काम शिकून आता काराकोरमची स्वप्ने पाहणारे तरुण महाराष्ट्रात बरेच आहेत. त्यांना माझी आग्रहाची विनंती एवढीच की पहिली मोहीम शिखरासाठी काढू नये, पाहणीसाठी काढावी. हिमनदीवर महिनाभर राहून भिंतीची छायाचित्रे घ्यावीत, कोणत्या घळीतून किती वाजता दगड कोसळतात ते लिहून ठेवावे, उतरण्याची वाट आधी पक्की करावी, आणि परत आल्यावर तो सारा तपशील १९२९ पासून असे वृत्तांत जपत आलेल्या 'हिमालयन जर्नल'कडे पाठवावा, म्हणजे दुसऱ्या खेपेस ते स्वतः नाही तरी दुसरे कोणीतरी त्याच्या आधाराने वर जाईल.