जुन्या एएम४ बोर्डासाठी ओव्हरक्लॉक होणारा प्रोसेसर निवडताना

बी३५० किंवा बी४५० चिपसेटचा बोर्ड, त्यावर रायझन ५ १६००, जोडीला १६ जीबी डीडीआर४ रॅम असे डेस्कटॉप अजून कितीतरी घरांत चालू आहेत. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पहिल्या पिढीचे रायझन विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे प्रोसेसर बदलायचा विचार आता अनेकांच्या मनात येतो. तो बदलताना ओव्हरक्लॉक होणारा घ्यावा, ही इच्छा रास्तच आहे. फक्त शोध बोर्डापासून सुरू करा.

बोर्ड काय झेपवेल?

एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये ए३२० आणि ए५२० चिपसेटवर ओव्हरक्लॉकिंग होत नाही. बी आणि एक्स मालिकांवर होते. इंटेलचा नियम जास्त कडक आहे. तिथे नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ चिपसेट दोन्ही लागतात. सॉकेटचे नाव जुळले म्हणून भागत नाही: १०० आणि ३०० मालिकांच्या बोर्डांवर सॉकेट एलजीए११५१च, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर अधिकृतपणे चालत नाही.

चिपसेटपेक्षा महत्त्वाचा भाग म्हणजे व्हीआरएम. पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण एक-सव्वा व्होल्टवर आणणारे हे सर्किट सॉकेटच्या कडेला असते. खोक्यावर ६५ वॉट लिहिलेला रायझन प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो, १०५ वॉटचा १४२पर्यंत. ही मर्यादा ओव्हरक्लॉकिंगच्या आधीची! व्हीआरएमवर हीटसिंकच नसलेल्या स्वस्त बोर्डाकडून तासन्‌तास १४२ वॉट मागितले, तर ते सर्किट तापते आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या खोलीत तर हे लवकरच घडेल. म्हणून अशा बोर्डावर ६५ वॉटचाच प्रोसेसर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बायोस आधी, खरेदी नंतर

बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते. हवा तो प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो ते तिथे पाहा आणि जुना प्रोसेसर बसलेला असतानाच ते बायोस टाका. काही बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच असल्याने नव्या आवृत्तीत फार जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढलेला असतो; तीही सूचना वाचा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. यूपीएस नसेल तर कुणाचा तरी आणा.

मग कोणता?

बहुतेकांसाठी रायझन ५ ५६००. त्याच्या सहाही कोअरना ३२ एमबी एल३ कॅश एकत्र वापरता येते. १६००ला ओढूनताणून ४ गिगाहर्ट्झवर नेले, तरी तो मुळातल्या ५६००च्या जवळ जात नाही. ५५०० स्वस्त पडतो, पण त्याची कॅश निम्मी, १६ एमबी. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी आठ कोअरचा ५७००एक्स पाहावा. त्याच्या खोक्यात कूलर नसतो, तो खर्च धरावा.

फक्त गेम खेळणाऱ्याने मात्र ओव्हरक्लॉकिंगचा आग्रह सोडावा. २०२२मध्ये आलेल्या ५८००एक्स३डीचा मल्टिप्लायर लॉक केलेला आहे, तरी ९६ एमबी कॅशच्या बळावर गेममध्ये तो ओव्हरक्लॉक केलेल्या ५६००ला सहसा मागे टाकतो. तो १०५ वॉटचा आहे, तेव्हा व्हीआरएम बरे हवे.

वेग कसा वाढवावा

सगळ्या कोअरना एकच वेग ठरवून देण्याची जुनी पद्धत ५६००वर तोट्याची ठरू शकते, कारण एक-दोन कोअर आपणहून जितके वर जातात तितकेही मग जात नाहीत. बायोसमध्ये पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह) सुरू करा आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे १०पासून सुरुवात करा. त्याच वेगासाठी व्होल्टेज कमी लागते, उष्णता घटते आणि उरलेल्या वावात प्रोसेसर स्वतःच वर जातो. सिनेबेंचची चाचणी पार पडली म्हणून निश्चिंत होऊ नका. या सेटिंगमधली चूक बऱ्याचदा हलक्या कामात दिसते, कारण एखादा कोअर सर्वाधिक वेग तेव्हाच गाठतो. काही दिवस नेहमीचे काम करा आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुकांच्या ‘डब्ल्यूएचईए’ नोंदी येतात का पाहा. आल्या तर आकडा शून्याकडे आणा.

रॅम ३६००वर चालली तर उत्तम. प्रोसेसरमधला अंतर्गत दुवा, म्हणजे इन्फिनिटी फॅब्रिक, १८०० मेगाहर्ट्झवर तिच्याशी जुळतो. ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, आणि त्यात पीबीओही आला.

बदलण्याच्या दिवशी

एएम४च्या पिना प्रोसेसरच्या अंगाला असतात. थर्मल पेस्ट सुकलेली असली, तर कूलर सरळ वर खेचताच प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी थोडा वेळ मशीन चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग मशीन बंद करून वायर काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा. बिटलॉकर (विंडोजचे ड्राइव्ह एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा, कारण प्रोसेसर बदलला की त्याच्यातल्या एफटीपीएम या सुरक्षा-भागातली जुनी की जाते आणि पहिल्याच बूटला विंडोज ती रिकव्हरी की मागू शकते.