परळीच्या वाटेवरचा मुक्काम : खोली कितपत स्वच्छ?

बीड जिल्ह्यात बाहेरगावाहून मुक्कामाला येणारे लोक बहुतांशी देवदर्शनासाठी येतात. बारा ज्योतिर्लिंगांत गणला जाणारा आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ज्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला तो परळीचा वैजनाथ, कोकणातून देशभर पसरलेल्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी असलेली अंबाजोगाईची योगेश्वरी, मन्मथस्वामींच्या समाधीमुळे वीरशैव समाजाला पूज्य असलेले कपिलधार, शिवाय नारायणगड आणि गहिनीनाथगड अशी श्रद्धास्थाने या जिल्ह्यात आहेत. याखेरीज परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या कामासाठी येणारे तंत्रज्ञ व ठेकेदार, तसेच अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांचे नातेवाईक हेही येथील लॉजमध्ये, भक्तनिवासात किंवा धर्मशाळेत रात्र काढतात. एकाच गादीवर काल रुग्णाची शुश्रूषा करून थकलेला माणूस झोपलेला असतो आणि आज कुलाचाराला आलेल्या कुटुंबातील तान्हे मूल झोपते. दोघांची एकमेकांशी ओळख नसते, आणि मधल्या काही तासांत त्या खोलीचे काय झाले हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसते.

स्वच्छ या शब्दाला येथे दोन निरनिराळे अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत होते. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता म्हणजे फरशीवर केर नसणे, चादरीला डाग नसणे, आरसा लख्ख असणे. आरोग्याच्या दृष्टीने स्वच्छता म्हणजे आधीच्या माणसाच्या अंगावरून, हातांवरून आणि पोटातून आलेले रोगजंतू व किडे पुढच्या माणसापर्यंत न पोहोचणे. फिनाइलचा वास येणारी खोली पहिल्या अर्थाने स्वच्छ असेलच असे नाही आणि दुसऱ्या अर्थाने तर तिच्याबद्दल काहीच सांगता येत नाही, कारण जंतुनाशक द्रव्याला काम करण्यासाठी आधी साबणाने मळ काढावा लागतो आणि मग ते द्रव्य पृष्ठभागावर काही मिनिटे ओले राहू द्यावे लागते. मळक्या पोछ्यावर ओतून लगेच पुसून घेतलेले फिनाइल वास मागे ठेवते, इतकेच.

हा फरक मोजून दाखवण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. ह्यूस्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१२ साली मांडल्या गेलेल्या एका अभ्यासात टेक्सास, इंडियाना आणि साउथ कॅरोलायना या राज्यांतील हॉटेलांच्या नऊ खोल्यांमधून एकोणीस पृष्ठभागांचे नमुने घेण्यात आले आणि त्यांतील एकूण जीवाणू व कोलिफॉर्म मोजण्यात आले. कोलिफॉर्म हा माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांतही आढळणाऱ्या जीवाणूंचा गट असून तो सापडणे हे मैल्याचा संपर्क झाल्याचे लक्षण धरतात. शौचकूप आणि हात धुण्याचे बेसिन येथे जीवाणू जास्त निघाले हे अपेक्षितच होते. परंतु टीव्हीचा रिमोट आणि पलंगाशेजारच्या दिव्याचे बटण हेही सर्वाधिक दूषित ठिकाणांत निघाले, तर पलंगाचा शिरोभाग आणि पडद्याचा दांडा सर्वांत स्वच्छ ठरले. नऊ खोल्या हा नमुना लहान आहे, आणि सापडलेला प्रत्येक जीवाणू रोगकारक नसतो, त्यामुळे या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र त्याच अभ्यासातील दुसरे निरीक्षण कोणत्याही देशातील लॉजला लागू पडते : सफाई कामगारांच्या गाडीवरील स्पंज आणि पोछे यांवर जीवाणूंचे प्रमाण मोठे होते. म्हणजे ज्या साधनाने खोली साफ करायची तेच साधन एका खोलीतील घाण दुसऱ्या खोलीत नेऊ शकत होते.

छोट्या लॉजमध्ये हे कसे घडते ते सफाईच्या क्रमातून कळते. रूमबॉयच्या हातात एक बादली, एक खराटा आणि एक फडके असते. तो न्हाणीघरातली फरशी धुतो, शौचकुपाची कड त्याच फडक्याने पुसतो, ते फडके बादलीत पिळतो, मग बेसिन व नळ पुसतो, बाहेर येऊन टेबलावरून हात फिरवतो आणि शेवटी पाण्याचा जग व पेले विसळून त्याच फडक्याच्या कोरड्या टोकाने पुसून उपडे ठेवतो. पेले चकाकतात. या कामात त्याचा आळस किंवा बेपर्वाई नसते. शौचकुपासाठी वेगळ्या रंगाचे, बेसिनसाठी वेगळे आणि पेल्यांसाठी वेगळे अशी फडकी त्याला दिलेलीच नसतात, आणि खाली गिऱ्हाईक सामान घेऊन उभे असल्यामुळे वेळही दिलेला नसतो. अमेरिकेतील अभ्यासकांनी तेथील कामगाराला आठ तासांत चौदा ते सोळा खोल्या, म्हणजे एका खोलीला अर्धा तास, असा हिशेब नोंदवला होता. महाशिवरात्रीला किंवा श्रावणी सोमवारी परळीत, अथवा योगेश्वरीच्या मार्गशीर्षातील नवरात्रात अंबाजोगाईत, एक कुटुंब खोली सोडते तेव्हा दुसरे जिन्यात थांबलेले असते; त्या दिवशी अर्ध्या तासाची अपेक्षा करणेही कठीण होते.

तथापि बीड जिल्ह्यातील खोलीच्या स्वच्छतेचा मुख्य प्रश्न वेळेपेक्षाही पाण्याचा आहे, आणि या विषयावर लिहिताना त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक विद्युत केंद्रच बंद ठेवावे लागले होते. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जेथे वीज केंद्र पाण्यासाठी थांबते तेथे लॉजची चादर धुण्यावर त्याचा परिणाम होणार नाही असे मानता येत नाही. दहा दुहेरी खोल्यांचा लॉज भरलेला असेल, तर एका रात्रीनंतर दहा पलंगपोस, वीस अभ्रे, वीस टॉवेल आणि वीस पांघरुणे अशी सत्तर नगांची धुलाई निघते. साबण लावून दोनदा खळबळायचे म्हटले तरी त्याला लागणारे पाणी टँकरचे, म्हणजे विकतचे असते. अशा वेळी जे दिसते ते धुतले जाते आणि जे दिसत नाही ते झटकून, घडी घालून, पुन्हा पलंगाच्या पायथ्याशी ठेवले जाते. पांढरी चादर मळकी दिसते म्हणून ती धुतली जाते. गडद रंगाचे, जाड, वाळायला दोन दिवस घेणारे ब्लँकेट मात्र मळ दाखवत नाही आणि म्हणून तसेच राहते. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांतील ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतले जातात असे रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले, त्यावर देशभर नाराजी उमटली. लॉजच्या ब्लँकेटबाबत असा हिशेब प्रवाशाला दिला जात नाही. प्रवासात स्वतःची सोलापुरी चादर बरोबर घेणारी जुनी पिढी या बाबतीत शहाणी होती.

साठवलेल्या पाण्याचा धोका वेगळा. पाणी रोज येत नसल्यामुळे गच्चीवर टाक्या, न्हाणीघरात पिंप आणि खिडकीत कूलर ही येथील खोलीची नेहमीची मांडणी असते. डेंग्यूचा प्रसार करणारी एडिस जातीची डासीण अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला चिकटवून अंडी घालते. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात, आणि पाणी ओतून दिले तरी कोरडी पडलेली अंडी कित्येक महिने टिकून पुन्हा पाणी मिळताच फुटतात. म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो, त्यात पाणी ओतण्याबरोबरच भांड्याच्या आतील बाजू घासणे अभिप्रेत असते. ही डासीण दिवसा चावते, त्यामुळे दर्शनाहून येऊन दुपारी कूलरसमोर आडव्या होणाऱ्या यात्रेकरूला रात्रीची उदबत्ती उपयोगी पडत नाही. पाइपमध्ये बरेच दिवस थांबून राहिलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जीवाणू वाढू शकतात. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अमेरिकन लिजन या संघटनेचे अधिवेशन भरले असता न्यूमोनियासारख्या आजाराने तीसहून अधिक माणसे दगावली, त्यावरून या जीवाणूला हे नाव मिळाले. हा आजार विरळ आहे; पण हंगाम नसताना अनेक दिवस बंद राहिलेल्या खोलीत शॉवरचे व गिझरचे पाणी खिडकी उघडून काही मिनिटे वाहू द्यावे ही खबरदारी त्यामुळेच सांगितली जाते. पाणीटंचाईच्या जिल्ह्यात ते पाणी बादलीत धरून शौचकुपासाठी वापरता येते.

लॉज म्हटल्यावर मराठी माणसाला सर्वांत आधी आठवतो तो ढेकूण. पूर्ण वाढलेला ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा, चपटा, तांबूस तपकिरी असतो. त्याची अंडी रव्याच्या कणासारखी पांढरी असून ती शिवणीत चिकटलेली असतात. अंड्यातून निघालेले पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक कातेआधी त्याला रक्ताचे एक जेवण लागते. दिवसा तो माणसापासून हाताच्या अंतरावर, गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात, भिंतीवरच्या तसबिरीमागे लपतो. तो स्वतः दिसला नाही तरी खूण दिसते : गादीचा कोपरा उचलून शिवण ताणली की शाईचे टाक टेकवल्यासारखे बारीक काळे ठिपके आढळतात, ती त्याची विष्ठा. ओल्या बोटाने ते फरकटतात. ढेकणामुळे माणसाला रोग होतो असे अद्याप सिद्ध झालेले नाही, परंतु खाज, जागरण आणि घरापर्यंत सोबत येण्याची त्याची सवय यांमुळे तो सर्वांना नकोसा होतो. अस्वच्छतेमुळे ढेकूण होतात ही समजूतही अर्धवट आहे, कारण तो प्रवाशांच्या सामानातून येतो आणि महागड्या हॉटेलातही येतो. फरक इतकाच की जेथे गाद्या नियमित उलटून पाहिल्या जातात तेथे तो लवकर सापडतो. शेवंतीच्या कुळातील एका फुलातील द्रव्याच्या धर्तीवर बनवलेल्या पायरेथ्रॉइड गटाच्या कीटकनाशकांना ढेकणांनी मोठ्या प्रमाणावर दाद देणे सोडले आहे, त्यामुळे नुसत्या फवाऱ्यावर विसंबता येत नाही. पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत मात्र ते अंड्यांसह मरतात, म्हणून उकळत्या पाण्यातली धुलाई आणि पलंगाच्या सांध्यांवर वाफ हे उपाय टिकाऊ ठरतात. गादी उन्हात टाकण्याची घरोघरची रीत चांगली असली तरी ढेकूण गादीच्या थंड बाजूला सरकतात, हे लक्षात ठेवावे लागते.

या साऱ्याची तपासणी कोणी करायची, हा प्रश्न जुना आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ च्या सराई कायद्याने सराईच्या चालकावर खोल्या, ओसऱ्या, गटारे आणि विहिरी मॅजिस्ट्रेटचे समाधान होईल इतपत स्वच्छ ठेवण्याची आणि संसर्गजन्य रोगाचा माणूस उतरला असल्यास पोलीस ठाण्यास कळवण्याची जबाबदारी टाकली होती. बीड त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा येथे नव्हता, पण त्यातील कल्पना आजही उचित वाटते. सध्या लॉजखालच्या खानावळीला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली चौदा आकडी परवाना क्रमांक दर्शनी लावावा लागतो. वरच्या मजल्यावरील गादीसाठी असा कोणताही क्रमांक नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्रामीण भागातील निवासस्थानांसाठी सुरू केलेले स्वच्छता ग्रीन लीफ मानांकन मैला, घनकचरा आणि सांडपाणी यांच्या विल्हेवाटीवर गुण देते. ते आवश्यकच आहे, परंतु त्यातून गावाच्या ओढ्याचे रक्षण होते, उशीच्या अभ्र्याचे होत नाही. नगरपरिषदेने लॉजच्या परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी दोन नोंदी मागितल्या, टाकी धुतल्याची तारीख आणि ब्लँकेट धुतल्याची तारीख, आणि त्या स्वागतकक्षात फळ्यावर लिहायला लावल्या, तर त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही आणि खर्चही नगण्य येईल.

तोवर तपासणी प्रवाशालाच करावी लागणार आहे. आगाऊ पैसे भरण्यापूर्वी खोली पाहण्यास मागावी, चादर व अभ्रा आपल्यासमोर बदलून घ्यावा, पेले स्वतः साबणाने धुवावेत आणि जेवणापूर्वी हात धुवावेत, कारण रिमोटवरचे जंतू तोंडापर्यंत पोहोचतात ते हातांनीच. खोली साफ करणाऱ्या माणसाला घाई करू नये. त्याला दहा मिनिटे अधिक मिळाली तर त्याचा लाभ आत झोपणाऱ्यालाच होतो. आणि सामान पलंगावर किंवा जमिनीवर न टाकता आधी टेबलावर ठेवून गादीचे चारही कोपरे उचलून पाहावेत. या कामाला दोन मिनिटे लागतात.