धूळ ओढणाऱ्या यंत्राचा स्टँड: हलता हवा, डुलता नको

मंडळी, सायखेड्यात यंत्राला चाकं कशाला, हे निराळं सांगायला नको. 2016 आणि 2019, दोन्ही ऑगस्टमध्ये गोदावरी गावात शिरली. वरच्या धरणांतून विसर्ग वाढला की सामान उचलायला फार वेळ मिळत नाही. धूळ ओढणारं यंत्र फरशीत जखडलेलं असेल, तर त्याची मोटर पाण्यातच जाते.

बरं, यंत्र नकोच म्हणावं तर तेही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातली. धोका मुख्यतः नाकाच्या पोकळीला. खाली पडलेला भुसा झाडता येतो. तरंगणारी बारीक धूळ श्वासातून आत जाते.

आता स्टँड. आपण सहसा खाली ड्रम ठेवतो, त्यावर सायक्लोन, म्हणजे धूळ गरगर फिरवून खाली पाडणारा शंकू, आणि सगळ्यात वर मोटर-ब्लोअर. जागा वाचते, पण वजन सगळं डोक्यावर. आमचा पहिला स्टँड असाच होता. उंबऱ्याला चाक अडलं आणि अख्खं धूड पुढे झुकलं; दोघांनी धरलं म्हणून वाचलं.

हिशेब बघा. चाकांमधलं अंतर 2 फूट आणि वजनाचा मध्य 3 फुटांवर असेल, तर साधारण 18 अंश कललं की यंत्र पडतं. आणि टेम्पोचा हौदा अडीच फूट उंच, फळी 8 फुटी, तर चढच तेवढा होतो! तोच मध्य दीड फुटावर आणला की 33 अंशांपर्यंत तग धरतो. म्हणून मोटर-ब्लोअर खाली, ड्रमच्या शेजारी घ्या. वर फक्त पत्र्याचा शंकू. पाईप थोडा जास्त लागेल, लागू द्या. वळण मात्र मोठं ठेवा, नाहीतर ओढ कमी होते.

फिरतं चाक आतल्या बाजूला वळलं की टेकूही आत सरकतो, म्हणून चाकं अँगलच्या चौकटीबाहेर हात काढून लावा. तीन चाकं डुगडुगत नाहीत हे खरं, पण लवकर कलंडतात. चारच लावा.

चाकांच्या ब्रेकवर विसंबू नका, मोटरच्या थरथरीने यंत्र सरकतं. चार कोपऱ्यांना नट वेल्ड करून 12 मिमीचे बोल्ट घाला, खाली रबर. काम करताना बोल्ट पिळून चाकं अधांतरी करायची. शहाबादी फरशीचा उंचसखलपणाही त्यातच निभावतो. हलवायच्या वेळी बोल्ट वर घ्यावे लागतात, तेव्हा त्या मापाचा पाना तारेने स्टँडलाच बांधून ठेवा.